दहातले सात कागद

माझी वहिनी खोटारडी नाही, हे आधीच सांगून ठेवते. मी तिची नणंद, तिची उगाच वकिली करणारी नव्हे. आमचं तर भाजी चिरण्यावरूनही वाजतं.

रद्दीपासून कागद करणाऱ्या मिलमध्ये आम्ही तिघं कामाला. मी खाली शेडमध्ये रद्दी निवडते, दादा मशीनवर आणि वहिनी वर प्रयोगशाळेत. लगदा आला की तिनं त्यातून हातानं दहा छोटे कागद गाळायचे, वाळवायचे, यंत्रात ताणून तोडायचे आणि किती जोराला तुटले ते चिठ्ठीवर लिहायचं. चिठ्ठीवर ‘ठीक’ आलं की दादा मशीन सुरू करतो. बावीस वर्षं हेच चाललंय.

यंदा एक संशोधक बाई आल्या. शाई काढायला आम्ही जी उग्र रसायनं ओततो, त्यानं डोळ्यांतून घळाघळा पाणी येतं. त्याऐवजी थोडं एन्झाइम घातलं की शाई आपसूक सुटते, असं त्यांचं म्हणणं. “भीती एकच,” त्या म्हणाल्या, “प्रमाण चुकलं किंवा नीट मिसळलं नाही, तर ते कागदाचे धागेही कुरतडतं.” रद्दीतले धागे तर आधीच कितीदा कागद होऊन थकलेले. वहिनीनं तीन आठवडे त्या लगद्याच्या चाचण्या केल्या. आकडे झकास आले. बाई खूश, साहेब खूश. गुरुवारी अकरा वाजता मोठ्या मशीनवर तोच लगदा चालवायचं ठरलं.

गुरुवारी दहाच्या सुमाराला वहिनी माझ्या शेडमध्ये आली. तोंड पांढरंफटक.

“ताई, माझ्या हातून घोळ झालाय.”

“काय केलंस? बोल पटकन.”

“मी कागद दहा करते, पण लिहिते सातच. जे फार लवकर तुटतात ते टाकून देते.”

मला आधी कळेचना. मग ती सांगत गेली. तिला काम शिकवणारे मास्तर म्हणायचे, असा कागद निघाला तर दोष गाळणाऱ्या हाताचा, लगद्याचा नव्हे. तो मोजायचा नाही. हिनं ते निमूट पाळलं. नव्या लगद्यातलेही तिनं रोज तीन-तीन टाकले. आज सकाळी टोपली रिकामी करताना ते तुकडे बोटांत धरून ओढले, तर भसाभस फाटले.

“माझा हात काय रोज मोजून तीनदाच चुकतो का गं? लगदाच कुठे कुठे कुरतडला गेलाय. आणि अकराला हे मशीन सुरू करणार.”

‘हे’ म्हणजे माझा दादा. धावता कागद तुटला की फिरत्या रुळांजवळ हात घालून तो ओढून काढावा लागतो. एकदा तुटला तर निभावतं. पन्नासदा तुटला तर कुणाचा तरी हात जातोच.

“मग इथे काय करतेस, बाई? जा, सांग त्यांना!”

“नोकरी जाईल माझी.”

“जाऊ दे खड्ड्यात!” मी खेकसले. तिचं मनगट धरलं आणि ओढतच नेलं.

मशीनजवळ सगळे जमले होते. अकराला वीस मिनिटं कमी. वहिनीनं सगळं सांगितलं, एका दमात. आता बाई हिला फाडून खाणार, असं मला वाटलं. पण वहिनीनं टोपलीतले उरलेले तुकडे पिशवीत भरून आणले होते, ते त्यांनी घेतले, एकामागून एक फाडले आणि म्हणाल्या, “थांबवा.” मग म्हणाल्या, “माझंही चुकलं. इतके चांगले आकडे आले कसे, हे मी विचारायला हवं होतं.” साहेबांनी कपाळाला हात लावला, आरडाओरडा केला, पण नोकरी ठेवली. यापुढे दहाचे दहा लिहायचे, एवढंच बजावलं. सुटलो एकदाचे, म्हणून मी श्वास सोडला.

दादा मशीनजवळून पुढे आला.

“आणि आपल्या जुन्या लगद्याचं?” त्यानं विचारलं.

“त्याचेही जे टिकले, तेच लिहिलेत.”

“बावीस वर्षं?”

वहिनीनं मान डोलावली.

“मी माणसांना सांगतो, घाला हात बिनधास्त, माझ्या बायकोची चिठ्ठी आहे.” एवढंच बोलून तो पाण्याच्या नळाकडे गेला.

घरी भांडला असता तर बरं झालं असतं. भांडणं आमच्या अंगवळणी पडलीत. पण तो नीट जेवला, तिला मीठही मागितलं.

आता रोज मशीन सुरू करण्याआधी दादा दोन जिने चढून प्रयोगशाळेत जातो. वहिनी तुटलेले दहा कागद टेबलावर मांडते. तो ओठ हलवत दहापर्यंत मोजतो, आकडे वाचतो आणि खाली येतो. एकदा मीच चिडले, “दादा, पुरे की आता! तिनं आपणहून सांगितलं ना?”

“कळतंय गं मला,” तो म्हणाला. “पण पाय वर जातातच.”

जिन्यावर त्याची पावलं वाजली की वहिनी हातातलं काम टाकून कागद सरळ करायला लागते, आणि तो मोजून होईपर्यंत बसत नाही.