ईएसआरची नळी

आबांच्या गाठींच्या कॅन्सरवर जळगावात उपचार चालू होते, तेव्हा दर महिन्याला लॅबमध्ये ती बाई भेटायची. चोपड्याकडची होती; तिच्या नवऱ्यालाही तोच आजार. ईएसआरसाठी काढलेलं रक्त काचेच्या उभ्या नळीत तासभर ठेवत. लाल रक्त जितकं भराभर खाली बसेल तितकं वाईट, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आम्ही सगळे बाकावर वाट बघायचो, पण तिला बसवत नसे. पदराचं टोक बोटाला गुंडाळत ती नळ्यांपाशी जायची, बाहेर नवऱ्याला बघून यायची आणि पुन्हा विचारायची, "दादा, आमनं कितलं उतरनं?"

"अक्का, तास तरी होऊ द्या," लॅबवाला म्हणायचा. तिच्या येरझारांनी माझाही जीव वरखाली व्हायचा. कधी कधी रागच यायचा.

एकदा आबांचा आकडा एकदम वाढला. रिपोर्ट हातात धरून ते नुसते बसून राहिले. ती त्यांच्यासमोर येऊन उकिडवी बसली.

"आबा, आमनं बी वाढेल शे. डॉक्टर औषध बदली देतस. घाबरानं नही."

"तुमचंही का?" आबा म्हणाले. मग सावकाश उठले आणि चपला शोधू लागले.

मी रिक्षा बघायला बाहेर आलो. तिचा नवरा दारातच उभा होता. मला बघून हसला. "भाऊ, आज पहिल्यांदा नॉर्मल उनं!"

ती मागून धावत आली आणि तिनं त्याच्या तोंडावर हात ठेवला.

"हळू बोला ना. आबा ऐकतीन."