भावाच्या पात्राला दिलेले गुण

दोन वर्षांपूर्वी अकोल्याच्या एका एकांकिका स्पर्धेत मी परीक्षक होतो. निवृत्त मास्तर, म्हणून बोलावत. खलनायकाबद्दल माझी फूटपट्टी ठरलेली होती: त्याला वाईट करायची इच्छा हवी आणि केल्याचा आनंद हवा.

त्या दिवशी एका कॉलेजातल्या मुलीनं लिहिलेली एकांकिका होती. नवरा तापल्या उलथन्यानं बायकोच्या हाताला डाग देतो. ती माहेरी पळून येते. थोरला भाऊ मलम लावतो, तिची ओटी भरवतो आणि दुसऱ्या दिवशी एसटीनं परत सोडायला निघतो. स्टँडवर तिच्या सासरच्यांसाठी पेढ्यांचा पुडा घेतो. उतरताना म्हणतो, "तोंड धुऊन घे. रडकं तोंड बरं दिसत नाही."

मी गुणपत्रिका पुढं ओढली.

"सर, नवऱ्याचा राग आला," शेजारच्या परीक्षक बाई म्हणाल्या, "पण किळस आली ती या भावाची."

"तो बिचारा परिस्थितीनं बांधलेला."

"बांधलेला माणूस पेढे घेतो का हो?"

मी लेखनाला पन्नासपैकी अकरा दिले. शेरा लिहिला, 'भावाचं पात्र अनावश्यक. पटत नाही.' एकांकिका अमरावतीच्या अंतिम फेरीला गेली नाही. मुलगी वही घेऊन आली, "सर, नेमकं काय चुकलं?"

"अनुभव कमी पडतो तुमचा."

तिनं तेही लिहून घेतलं.

खरं असं, की धाकट्या बहिणीला मी धामणगावला तिच्या सासरी असंच परत सोडलं होतं. पेढ्यांसकट. एसटीत ती एकदाच म्हणाली, "दादा, मले तिथं नको नेऊ." मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. इच्छा नव्हती, आनंदही नव्हता. माझ्या लग्नाची बोलणी चालली होती आणि नवऱ्याला सोडून आलेली बहीण घरात दिसायला नको होती, एवढंच. त्या 'एवढंच'ची आता शिसारी येते.

बहीण आता अमरावतीला राहते. गेल्या महिन्यात तिथं जाऊन तिला हे सगळं सांगितलं. ती मेथी निवडत होती.

"मले काय सांगतं? मले तं माहीतच हाये," ती म्हणाली. "त्या पोरीले सांग."

आयोजकांकडून नंबर घेऊन फोन लावला. मुलगी हरखली. "सर, तुमचं ऐकून भाऊ काढूनच टाकला. नवऱ्याला मस्त राक्षसी हसू दिलं. पुढच्या वर्षी पहिला नंबर आला! तुमचे आभार मानायचेच होते."

त्या आभारांनी अंगावर पाल पडल्यासारखं झालं.

"भाऊ परत घाल," मी म्हणालो. "अनुभव तुझा कमी नव्हता. तो भाऊ मी आहे, म्हणून मी गुण कापले."

मग तिनं विचारलं, "तुमच्या बहिणीशी बोलता येईल का मला?"

"तिला विचारून सांगतो," मी म्हणालो.