गोविंदअण्णांना मी दिलेला सल्ला

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मामांना नाही. ज्यांना सांगायला हवं होतं, त्यांना तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही माझ्या दुकानात कधी आला नाहीत. माझ्याबद्दल काही चांगलं ऐकलेलं नाही.

ऐकलं असतंत तर एवढंच ऐकलं असतंत — रघूकडे जा, वस्तू घेण्यासारखी नसेल तर तो स्वतःच नको म्हणतो. बेंगळुरातल्या आमच्या जुन्या मराठी घरांत माझी ही ओळख आहे. ती सगळीच खोटी आहे, असंही नाही. वस्तू मला कळते. हातात घेतली की ती किमतीला उतरते की नाही, हे मी चोविसाव्या वर्षीही सांगू शकत होतो. सहसा चुकत नसे. त्या दिवशीही चुकलो नव्हतो — मुद्दा तोच आहे.

नव्वदच्या दशकाची मधली वर्षं. जयनगरच्या बाजारात मामांचं टीव्ही-टेपरेकॉर्डरचं दुकान, आणि मी काउंटरवर. टीव्हीला जोडायचे व्हिडिओ गेम तेव्हा नुकतेच पोरांच्या तोंडी आले होते. आमच्याकडे असायचे ते स्वस्तातले. खोक्यावर शेकडो खेळ लिहिलेले, आत सात-आठच, नावं बदलून पुन्हा पुन्हा तेच. बटणं महिन्याभरात रुतून बसायची. विकताना लाज वाटायची. विकायचो.

मग मामांच्या ओळखीच्या कुणीतरी सिंगापूरहून एक खरा आणला. एकच. जड, काळं यंत्र आणि तीन कॅसेटी. दुकानातल्या टीव्हीला जोडून पाहिला आणि — काय सांगू? पडद्यावर डोंगर होते, डोंगरामागे ढग सावकाश सरकत होते. बटण दाबलं की तो बुटका गडी धावत सुटायचा, दरीवरून उडी घ्यायचा, आणि ती उडी आपल्या पोटात जाणवायची. मामा म्हणाले, महिनाअखेरपर्यंत गिऱ्हाईक आलं नाही तर खरेदीच्या भावात तूच घे. मी तो रोज पुसायचो. पुसून झाला की शोकेसमध्ये थोडा मागे सरकवायचो. कळतंय ना?

गोविंदअण्णा आमच्याच गल्लीतले. यशवंतपूरच्या एका कारखान्यात लेथवर काम करायचे. त्यांची वसंती तेरा वर्षांची. शाळेतून सायकलवर येताना टेम्पोने तिला उडवलं, मांडीचं हाड मोडलं. छातीखालपासून पायापर्यंत प्लॅस्टर, तीन महिने खाटेवर. मैत्रिणी पहिले काही दिवस आल्या, मग यायच्या थांबल्या. त्यांतल्याच एकीने आमच्या शोकेसमधल्या यंत्राबद्दल तिला सांगितलं होतं.

महिना संपायला चार दिवस होते. अण्णा कामावरून थेट दुकानात आले. यंत्र हातात घेऊन बघितलं, किंमत विचारली. ती त्यांच्या पगाराहून जास्त होती. कारखान्यातून उचल घेता येईल, असं ते स्वतःशीच पुटपुटले. मग माझ्याकडे वळले.

"रघू, तुला यातलं कळतं. पोरीचे दिवस जात नाहीत रे. एवढ्या किमतीचा आहे का हा? स्वल्प, जरा खरं सांग."

होता. त्या क्षणी मला जेवढं स्पष्ट माहीत होतं, तेवढं कधीच कशाबद्दल माहीत नव्हतं. जिला उठून बसता येत नाही, तिच्यासाठी नाही तर मग तो कुणासाठी बनवला होता?

"नका घेऊ अण्णा," मी म्हणालो. "आठ दिवसांत कंटाळेल. डोळे बिघडतील, अभ्यासावरचं लक्ष उडेल. त्यापेक्षा गोष्टीची पुस्तकं आणून द्या."

आवाज जरासुद्धा हलला नाही. अण्णांनी यंत्र काउंटरवर ठेवलं. मग कानडीत "सरी", ठीक आहे, म्हणाले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. दुकानात उभं राहून घेऊ नका म्हणणारा तू पहिलाच, असं म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते — हे मला सांगायचं नव्हतं, पण भरले होते.

महिना संपला. यंत्र माझ्या घरी आलं.

दुसऱ्या आठवड्यात मी दोन पुस्तकं घेऊन वसंतीला भेटायला गेलो. का गेलो? चांगलं दिसावं म्हणून. खिडकी तिच्या डोक्यामागे होती, वळता येत नव्हतं. म्हणून ती हातात आरसा धरून रस्ता बघत होती. कोण चाललंय ते ओळखून मला सांगत होती. मी थोडा वेळ बसलो, आणि घरी येऊन खेळलो. खेळताना जीव लागला नाही, असं सांगितलं तर तुम्हाला बरं वाटेल. पण लागला. पुढची दोन वर्षं दर रविवारी दुपारी लागला. मजा आली. त्या यंत्राची किंमत पुरेपूर वसूल झाली.

इकडे अण्णांनी ती हकिगत कारखान्यात सांगितली, लग्नकार्यांत सांगितली. माणसं यायला लागली. माझं नाव विचारत, मीच सांगावं म्हणून थांबून राहत. दशक सरता सरता मी स्वतःचं दुकान काढलं, ते त्याच नावावर. उद्घाटनाचा दिवा मी गोविंदअण्णांच्या हातून लावून घेतला. त्यांनी चार लोकांसमोर पुन्हा तीच गोष्ट सांगितली आणि मी मान खाली घालून ऐकली. लोकांना तो विनय वाटला.

वसंतीही आली होती. कॉलेजात जायला लागली होती, किंचित लंगडत होती. पेढा घेताना हसून म्हणाली, "रघूअण्णा, तेव्हा तुमचा फार राग आला होता मला. मला तो हवा होता."

सांगता आलं असतं. आसपास कुणी नव्हतं. एका वाक्याचं काम होतं.

मी म्हणालो, "तुझ्याच भल्यासाठी होतं ते."

तिने मान हलवली. "हो, आमचे अण्णाही तेच म्हणतात."

तिच्या भल्याचा मी विचारही केला नव्हता. यंत्र मला हवं होतं, म्हणून मी ते तिला मिळू दिलं नाही.