एलिसेओचा डावा कान

चिलीतल्या आमच्या चिलोए बेटावर शिंपले काढायला समुद्रात उतरणारे बरेच, पण एलिसेओ वेंचूरइतका शांत पाणबुड्या दुसरा नव्हता. गेल्या ऑगस्टमध्ये तळाशी असतानाच त्याच्या डाव्या कानात काहीतरी फुटलं. होडीवाल्यांनी त्याला वर ओढून घेतलं तेव्हा तो ओकत होता, सगळं गरगरत होतं.

भोवळ आठवड्यात ओसरली. मागे राहिलं ते वेगळंच. घर, चूल, बटाट्याचं शेत, सगळं जागच्या जागी होतं, पण चित्रातल्यासारखं. स्वतःचे हातही त्याला परके वाटत. तीन आठवडे त्यानं हे कुणाला सांगितलं नाही. शेवटी त्याची बायको ओर्फेलिना भडकली. मी त्यांची शेजारीण, तेव्हा तिथेच चुलीपाशी बसले होते.

"असा काय बघतोस? मी भूत आहे का?"

"तू खरी वाटत नाहीस गं," म्हणत तो रडायलाच लागला. "मला वेड लागलंय."

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याला दवाखान्यात नेलं. तिथली नर्स इरिस हसली.

"वेडबिड काही नाही, काका. तोल सांभाळणारा भाग कानाच्या आत असतो, तो दुखावलाय. डोळे म्हणतात घर स्थिर आहे, कान म्हणतो हलतंय. मेंदूनं ऐकायचं कुणाचं? मग त्याला काहीच खरं वाटेनासं होतं."

"मग आता?" एलिसेओनं विचारलं.

"तोल पुन्हा शिकायचा. भिंतीवरच्या खिळ्यावर नजर रोखून मान हलवा. अनवाणी चाला. आणि पाण्यात उतरणं बंद."

रोज ओहोटीला तो किनाऱ्यावरच्या गोट्यांवरून अनवाणी चालायचा. ओर्फेलिना कोपर धरून सोबत.

"सरळ चाल रे, लोकांना वाटेल सकाळीच ढोसलीय!"

नोव्हेंबरात माझं डुक्कर त्यांच्या शेतात घुसलं. एलिसेओ विचार न करता मागे धावला, गर्रकन वळला आणि चिखलात पालथा पडला. ओर्फेलिना पोट धरधरून हसली. तो उठेचना. आम्ही घाबरून धावलो, तर हा चिखल मुठीत दाबत पडलेला.

"गार आहे," तो म्हणाला. "आणि तू हसलीस ना, ते इथूनच ऐकू आलं. अगदी जवळून."

आता तो होडीवर बसून खाली उतरलेल्या पाणबुड्यांच्या हवेच्या नळ्या सांभाळतो. दाट धुक्यात अजूनही कधीकधी सगळं लांब जातं. पण आता तो घाबरत नाही. "कान रुसलाय," एवढंच म्हणतो आणि काम चालू ठेवतो.