गुरुजींच्या हातातला सहावा स्क्रू

लोण्यातून केस काढावा तसे पाच स्क्रू निघाले. सहावा मात्र हटून बसला.

विद्युल्लताताई बनारसच्या दूधविनायक मोहल्ल्यातली. तिथल्याच एका इस्पितळात सव्वीस वर्षं ऑपरेशनची सिस्टर. आज टेबलावर होते नरहरगुरुजी, रामघाटच्या पाठशाळेत वेद शिकवणारे. फक्त हात बधिर केलेला, पडद्यापलीकडे गुरुजी चक्क जागे. तारीख घेताना त्यांनी एकच अट घातली होती, विद्युल्लता ड्यूटीवर हवी. ताई आठवडाभर हवेत होती.

चार वर्षांपूर्वी घाटाच्या पायरीवरून घसरून गुरुजींचा उजवा हात मोडला. हाडावर स्क्रूंनी धातूची पट्टी बसवली, हाड जुळलं, पण पट्टी आड येऊन पंजा पुरता उलटेना. दुसऱ्या कुणाचं निभावलं असतं हो. पण शुक्ल यजुर्वेदाचे स्वर नुसते तोंडाने म्हणून भागत नाही, हाताने दाखवावे लागतात. हात वळेना, तसं गुरुजींनी शिकवणंच सोडलं.

डॉक्टर अनिशनी पुन्हा जोर लावला. स्क्रूड्रायव्हर गर्रकन फिरला, स्क्रू जागच्या जागी. डोक्यातली षटकोनी खाच झिजून पार गोल झाली होती.

"किस गधे ने इतना कस दिया?" ते वैतागले.

ते गाढव म्हणजे खुद्द ताईच होती. मागच्या ऑपरेशनलाही तीच उभी. तेव्हाचे डॉक्टर शेवटचा स्क्रू आवळून थांबले, तर हिला राहवलं नाही, "अजून एक पीळ द्या सर, गुरुजींचा हात आहे." भक्ती उतू चालली होती ना! लोणच्याच्या बरणीचं झाकण किती आवळायचं हे बरं कळतं हिला.

"दीदी, ड्रिल दीजिए. स्क्रूचं डोकंच उडवू."

ड्रिल म्हणजे गुरुजींच्या म्हाताऱ्या हाडाशी खेळ. चिरलं तर हात पुन्हा मोडलाच म्हणायचा.

"काय गं, अडलं का?" पडद्यामागून गुरुजी.

"थोडंसं, गुरुजी." मग ती डॉक्टरांकडे वळली. "सर, दोन मिनट. एक करून बघू."

टाक्यांच्या दोऱ्याचं पाकीट फोडून तिनं आतल्या चंदेरी पन्नीचा नखाएवढा तुकडा कापला. खाचेतलं रक्त टिपलं, पन्नी दुमडून खाचेवर धरली. डॉक्टरांनी त्यावर स्क्रूड्रायव्हर टेकवून हातोडीनं हलकेच ठोकला. पन्नी आत दबली, पकड बसली. त्यांनी दाबून, सावकाश उलटा पीळ दिला.

कट्‍.

स्क्रू हलला! अर्धा फेरा, एक, दोन, आणि ताटलीत टण्‌कन पडला. ताईला वाटलं, मंगला गौरीच्या देवळापर्यंत पळत जाऊन नारळ फोडावा. पट्टी काढून डॉक्टरांनी गुरुजींचा हात धरून फिरवला. पंजा सबंध उलटला, तळवा थेट छताकडे.

"वळला का गं?"

"पुरता वळला, गुरुजी." आता मात्र तिला गप्प बसवेना. "आणि मघाचं ते गाढव ना, ते मीच होते. मीच जास्तीचा पीळ द्यायला लावला होता."

"ठाऊक आहे," गुरुजी म्हणाले. "तेव्हाही मी जागाच होतो. म्हणून तर आज तुलाच बोलावलं. म्हटलं, जिनं आवळला तिच्याच हातून निघू दे, नाहीतर जन्मभर मनाला लावून घेशील."

ताईचे डोळे भरून वाहू लागले, आणि हातमोजे घातलेले असल्यानं तिला ते पुसताही येईनात.