फळ्यावरचा सरकारी शब्द

“माझा फळा पुसायला तुला कोणी सांगितलं?”

“आक्का, हळू. रस्त्यावरचे लोक बघताहेत.”

“बघू देत! नऊ वर्षांत या फळ्यावर एक चूक कोणाला सापडली नाही, आणि तू सगळा फळाच साफ केलास?”

थांबा, आधी चहा खाली ठेवा, सांडेल. चाळीसगावात आमच्या गल्लीतल्या वाचनालयाबाहेर माझा फळा आहे. रोज एक इंग्रजी शब्द, त्याचा अर्थ, त्याचं मूळ, खाली माझी सही. शाळेची पायरी मी चढले नाही. जुनी डिक्शनरी, रेडिओ आणि माझा हट्ट, हेच माझे मास्तर! फळा संध्याकाळी लिहून ठेवते, सकाळी मुली वहीत उतरवून घेतात. त्या दिवशी तर दहा वाजता कन्याशाळेच्या मोठ्या बाई अख्खी शाळा घेऊन माझा सत्कार करायला येणार होत्या. नऊला जाऊन बघते, तर फळा कोरा! आणि शेजारी ओढणीला खडू माखलेली रझिया. आमची शेजारीण, इंग्रजीची रिटायर्ड शिक्षिका.

मी लिहिलं काय होतं? पुण्याचा नातू फोन कटला की जी चार अक्षरी शिवी हासडतो ना, तीच!

अहो, मोबाइलवर आलं होतं. जुन्या काळी म्हणे विलायतेत मूल व्हायला राजाची परवानगी लागायची. मिळाली की दारावर पाटी. त्या पाटीवरच्या शब्दांची पहिली अक्षरं जोडून हा शब्द झाला. मी तर हरखलेच! म्हणजे ही शिवी नव्हेच, सरकारी परवाना! बिचाऱ्याची फुकट बदनामी. लाल खडूने ठळक लिहिला, भोवती वेलबुट्टी काढली.

“तीन जणींनी पाठवलंय मला!”

“तिघींना एकीनेच पाठवलं असेल. आक्का, त्या काळी अक्षरं जोडून शब्द करायची रीतच नव्हती.”

“मग आला कुठून?”

“कोणी म्हणतं जर्मनांकडून, कोणी म्हणतं डचांकडून. विद्वानांचं अजून एकमत नाही.”

“नाही ना? मग माझं मत धर!”

“पण शिवी ती शिवीच. मुली वहीत लिहून घरी नेतील!”

“मले शिकाडस का?” रागावले की माझी अहिराणी सुटते. “आखाजीच्या सणाले, रीतच हाय ती, नदीच्या काठावर उभी राहून पलीकडच्या गावाला शिव्या दिल्यात मी! मला शिवी वळखता येत नाही?”

“आपली येते, आक्का. विलायती नाही.”

आज कबूल करते, त्या सकाळी ती आडवी आली नसती, तर सत्काराची शाल तोंडावर ओढून मला धुळ्याला लेकीकडे पळावं लागलं असतं. पुढे ती शाल मी तिच्याच खांद्यावर घातली. असं माणूस शेजारी मिळायला नशीब लागतं. पण तेव्हा? तेव्हा माझं तोंड थांबतंय होय!

“एवढी अडाणी आहे मी, तर नऊ वर्षं माझा फळा बिनचूक राहिला कसा?”

रझियाने ओढणी झटकली. खाली बघत, अगदी हळू म्हणाली, “रोज पहाटे दुधाला जाताना तुमच्या चुका मीच दुरुस्त करते, आक्का; आज दुरुस्त करण्यासारखं काही सापडेना, म्हणून सगळंच पुसलं.”