कासुर्डीवाली

दौंडात आमच्या गल्लीत बाईला नाव पडतं ते माहेरावरून. माझी बायको न्हावरेवाली, समोरची कुरकुंभवाली, आणि आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारी कराचीवाली. ती लग्न होऊन इकडं आली त्याला जमाना लोटला. नातवंडं इथली झाली, पासपोर्ट मात्र तिकडचाच राहिला. नळावर तिचा आवाज चढला की जंक्शनवरची मालगाडी हिरवा सिग्नल असूनही थांबायची. खोटं वाटत असेल तर ड्रायव्हरला विचारा.

मग सीमेवर पेटलं. तिकडच्या लोकांनी देश सोडावा, असा हुकूम टीव्हीवर आला. लांब मुदतीच्या व्हिसावाल्यांना तो लागू नाही, असं तिचा मुलगा सांगायचा. पण तिच्या व्हिसाची मुदतवाढच अडकली होती. तिला गाडीत बसवून सीमेवर सोडतील, या धास्तीनं गल्लीत कुणाला घास गिळवेना.

एका सकाळी हवालदार आले. ओट्यावर मीच होतो.

"कराचीवाली इथंच राहते का?"

थापा मारण्यात शिरूर-दौंड दोन्ही तालुक्यांत माझा हात धरणारा नाही. म्हणालो, "कराचीवाली न्हाई साहेब, कासुर्डीवाली. यवतजवळची. सांगणाऱ्यानं चुकीचं ऐकलं आसंल."

हवालदारांनी टोपी काढून घाम पुसला. "मी कासुर्डीचाच हाय. कुणाची लेक म्हणायची?"

आयुष्यात पहिल्यांदा मला आडनाव सुचेना. तेवढ्यात ती दारात आली. "ह्यांचं काय ऐकता साहेब. ह्यांचं तोंड म्हंजी बिनब्रेकची गाडी. मी कराचीची. कागद दाखवते."

"कागद हायेत, मग लपवताय कशाला?" त्यांनी माझ्याकडं बघत विचारलं, आणि चौकशीला म्हणून तिला घेऊन गेले.

ती दिवेलागणीला परतली. वरून उत्तर येईपर्यंत राहा, गाव सोडू नका, एवढंच ठाण्यातल्या मोठ्या साहेबांनी बजावलं होतं. उत्तर अजून आलेलं नाही.

तेव्हापासून नळावरच्या बाया तिला नुसतं 'भाभी' म्हणतात. परवा पाणी भरताना तिनं मला हटकलं. "भाऊ, तुमच्या बायकोला अजून न्हावरेवाली म्हणतात. माझंच माहेर कुठं गेलं?"

"कुठं जातंय," मी म्हणालो. "तू कराचीवालीच की."

म्हणालो खरं, पण त्याआधी मी गल्लीच्या तोंडाकडं बघून घेतलं होतं. तिनं ते पाहिलं आणि हंडा उचलला.